लाल रेघेतल्या माहेरवाशिणी

आमच्या साहेबांच्या खोलीत भिंतभर एक कापडी तक्ता टांगलेला असे. त्यावर एकेका देशाची एकेक उभी रेघ. इंग्लंड, डेन्मार्क, न्यूझीलंड, जपान हे सगळे निळ्या शाईत, आणि अगदी कडेला, लाल शाईत, आमचा मध्यप्रांत. जन्मलेल्यांपैकी किती बाळं वर्षाच्या आत गेली आणि किती बाळंतिणी दगावल्या, ते त्या रेघा सांगत. लाल रेघ एवढी उंच होती की तिच्यासाठी तक्त्याला वरून कापडाचा तुकडा जोडावा लागला होता. कोणी भेटायला आलं की साहेब त्याला आधी तक्त्यापुढे उभं करीत आणि मग खुर्ची देत. ‘पाहा, आपण कुठे आहोत!’ असं म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की ती रेघ त्यांनीच खतपाणी घालून वाढवली असावी.

मी त्या खात्यात गणक होतो. ठाण्याठाण्यांतून आलेले जन्ममृत्यूचे आकडे गोळा करायचे, बेरजा घ्यायच्या, दर काढायचे आणि साहेबांपुढे ठेवायचे, एवढंच काम. मी गणित घेऊन बी.ए. झालेलो. नागपुरात त्या काळी गणितवाल्याला एक तर शाळामास्तर व्हावं लागे, नाहीतर सरकारी आकडेमोड करावी लागे. मुलांचा मला लहानपणापासून तिटकारा, म्हणून मी आकड्यांकडे गेलो. पुढे कळलं की मुलं निदान मोठी होतात.

साहेब पुण्याकडचे. विलायतेत जाऊन लोकांच्या आरोग्याचं शास्त्र शिकून आले होते आणि ते शास्त्र त्यांच्या अंगावरच्या कोटासारखं होतं, भर वैशाखातही उतरायचं नाही. उन्हाळ्यात सरकार पचमढीला गेलं की तक्ताही गुंडाळून, पत्र्याच्या नळीत घालून, साहेबांबरोबर वर जाई. खाली नागपुरात लोक तापून मरत आणि वर थंड हवेत त्यांची रेघ भिंतीवर टांगली जाई. मला त्यात गैर काही वाटत नसे. ज्याची त्याची सोय.

आता हे आकडे यायचे कुठून, तेही सांगायला हवं. गावात कोणी जन्मलं-मेलं की गावचा कोतवाल ते लक्षात ठेवी आणि ठाण्यात गेला की सांगे. माणूस कशाने मेला, हेही त्यानेच सांगायचं. तो सांगे, तापाने. वाघाने खाल्लं, साप चावला, विहिरीत पडला, देवी आल्या किंवा पटकी झाली, एवढं सोडलं तर आमच्या प्रांतात जो तो तापाने मरे. म्हातारा थकून मेला तरी ताप. बाळंतीण मेली तर बहुतेक वेळा ताप. कोतवालाला दोष नाही, शेवटी अंग गरम झालंच असणार. पण साहेबांनी काय करावं? त्यांनी ते आकडे उचलून विलायतेच्या आकड्यांशेजारी मांडले आणि शोध लावला, की विलायतेत हृदयविकाराने माणसं फार मरतात आणि आमच्या खेड्यांत जवळजवळ कोणीच मरत नाही. कारण काय असावं? ज्वारीची भाकर. त्यावर त्यांनी चांगला लांबलचक लेख लिहिला. तो छापून आला तेव्हा कचेरीत चहा झाला. मी पण प्यालो. फुकटचा चहा होता आणि भाकरीवर माझा राग नव्हता.

दुसरा एक लेख साबणाचा. ज्या देशांत साबणाचा खप वाढला त्या देशांत बाळं मरणं कमी झालं, असं दोन रेघा शेजारी काढून त्यांनी दाखवलं. त्याच देशांत त्याच वर्षांत मोटारीही वाढल्या, छत्र्याही वाढल्या, असं मी म्हणालो, तेव्हा साहेब म्हणाले, ‘तुमच्यात चिकित्सा आहे, पण श्रद्धा नाही.’ मग आठवडी बाजारात साबणावर व्याख्यानं सुरू झाली. लोक ऐकत आणि गूळ घेऊन घरी जात.

हे सगळं इथवर हसण्यावारी नेता येत होतं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते तलावाजवळच्या सूतिकागृहापायी, आणि त्यात माझी धाकटी बहीण होती, म्हणून हे लिहायला बसलो.

ती कळमेश्वरला दिलेली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, नागपुरात महाल वॉर्डातल्या आमच्या घरी. आईने गल्लीतली सुईण बोलावली. ती हुशार होती असं सगळे म्हणत. ही हुशारी कोणी आणि कशावरून ठरवली, देव जाणे. पोर अडली. आई देवापुढे, सुईण चुलीपुढे, आणि पोर ओरडून ओरडून गप्प झाली, तेव्हा मी कोणाचं न ऐकता तिला टांग्यात घालून तलावाजवळच्या सूतिकागृहात नेली. चार कनवाळू बायांनी वर्गणी काढून आणि सरकारचं अनुदान मिळवून ते चालवलं होतं. पांढऱ्या भिंती, लोखंडी खाटा आणि एक डॉक्टरीणबाई. मूल आधीच गेलं होतं. बहीण वाचली. जाताना डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, ‘हिचं पुढलं बाळंतपण घरी करायचं नाही. महिनाभर आधी माझ्याकडे आणून ठेवायची. घरी केलंत तर ही हाताला लागणार नाही.’ एवढं उघड बोलणारी बाई आईने पहिल्यांदाच पाहिली होती. तिने ते मनावर घेतलं.

पुढे बहिणीला पुन्हा दिवस गेले. तिची सासू बोलणी करायला आली आणि ओसरीवर बसूनच बोलली.

‘पयलं बायतपन तुमच्या इथं झालं, त्याचं काय झालं ते दिसलं. आता हे आमच्या इथं होईल. तिले न्याचं काहून? कळमेश्वरात बाया बायतीन होत नाहीत काय?’

आई काकुळतीला आली. मी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. शेवटी सासूने नाक मुरडून होकार दिला, तो माझ्या सांगण्यामुळे नव्हे. सरकारी नोकरी असलेला माणूस म्हणून. बहीण मला आत नेऊन म्हणाली, ‘दादा, मले त्या डॉक्टरीणबाईजवळच ठेवजो गा. मले भेव लागून राह्यलं.’

‘लग्न झालं तशी भाषा पण सासरची झाली तुझी,’ मी चिडवलं.

‘भाषा जाऊ दे. तू ठेवशील ना?’

मी हो म्हटलं. त्यात हो म्हणण्यासारखं काय होतं? सूतिकागृह जागेवर होतं, डॉक्टरीणबाई जागेवर होत्या.

त्याच हिवाळ्यात साहेबांच्या डोक्यात नवीन किडा शिरला. बाहेरदेशी निरनिराळ्या देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांची परिषद भरायची होती आणि तिथे वाचायला त्यांना काहीतरी झणझणीत हवं होतं. प्रांताची रेघ आता जुनी झाली होती. मग त्यांनी मला नागपूर शहराचा वॉर्डावार दर काढायला लावला, आणि शहराचा एकेक वॉर्ड घेऊन तो अख्ख्या एकेका देशाशेजारी उभा केला. न्यूझीलंडशेजारी सीताबर्डी! जपानशेजारी इतवारी! मी रेघा आखत होतो आणि मनात म्हणत होतो, अजून एखादं वर्ष गेलं की हा माणूस माझ्या घराची बेल्जियमशी तुलना करणार.

तलावाजवळच्या वॉर्डाची रेघ काढली आणि ती कागदाबाहेर गेली. बाळंतिणी मरण्यात तो वॉर्ड जगात पहिला. साहेबांनी खुर्ची पुढे ओढून ती रेघ जवळून पाहिली. मग म्हणाले, ‘त्या वॉर्डात असं काय आहे, जे दुसऱ्या वॉर्डांत नाही?’ आणि स्वतःच उत्तर दिलं, ‘सूतिकागृह!’

मला वाटलं, थट्टा करत आहेत. पण साहेबांना थट्टा येत नसे.

मी समजावलं. जितक्या सोप्या शब्दांत सांगता येईल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. म्हणालो, साहेब, त्या वॉर्डातल्या बाया तिथे मरत नाहीत. कोराडीची अडलेली बाई, कळमन्याची, कळमेश्वरची, सगळे उपाय थकले की तिला बैलगाडीत घालून तिथे आणतात. काही तर हाताबाहेर गेलेल्याच येतात. त्यातली वाचली तर आपल्या गावी जाते, गेली तर तुमच्या वॉर्डात धरली जाते. शिवाय नागपूरच्या लेकी माहेरी बाळंतपणाला येतात आणि नागपूरच्या सुना बाळंतपणाला आपापल्या माहेरी जातात. मग कोणाचा जन्म कुठे आणि कोणाचं मरण कुठे, याचा ताळमेळ कसा लागेल? साहेबांनीच विलायतेहून आणलेल्या अहवालात मी वाचलं होतं, की तिकडे बाई जिथली राहणारी, तिथल्या आकड्यात तिचं मरण परत पाठवतात. ते पान मी उघडून पुढे ठेवलं.

साहेबांनी पान वाचलं. म्हणाले, ‘ते त्यांच्याकडे. आपल्याकडे माणसाला राहणार कुठला विचारा, तो तीन गावं सांगतो. आणि हे पाहा, आकड्याला माहेर-सासर नसतं.’

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. पुढे निबंधात ते होतंच. सूतिकागृह हे बाळंतिणींच्या मृत्यूचं केंद्र आहे, त्याचं अनुदान थांबवून ते बंद करावं आणि तो पैसा व्याख्यानांकडे वळवावा, अशी शिफारसही होती. व्याख्यानं म्हणजे पुन्हा साबण.

शिफारशीवर विचार करायला एक समिती बसली. एक निवृत्त न्यायाधीश, दोन-चार गावांचे जमीनदार असलेले एक मालगुजार, इतवारीतले एक बडे व्यापारी आणि आमचे साहेब. मी तक्ता धरून उभा राहायला होतो, कारण त्या खोलीत तो टांगायला खिळा नव्हता. त्या दुपारी व्यापाऱ्यांनी पेढ्यांचा पुडा आणला होता. त्यांच्या लेकीला मुलगा झाला होता. लेक दिलेली वर्ध्याला, बाळंतपणाला बापाकडे इतवारीत आलेली. न्यायाधीशांनी पेढा घेतला आणि म्हणाले, आमच्याही घरी पाळणा आहे, अमरावतीची लेक आलीय. मालगुजार म्हणाले, आमची पुढल्या महिन्यात येणार, भंडाऱ्याहून. एकमेकांची अभिनंदनं झाली. मग हात पुसून तिघेही त्या तक्त्याकडे वळले आणि तलावाजवळच्या वॉर्डात बाया इतक्या का मरतात, याचं त्यांना कोडं पडलं.

माझे हात भरून आले होते. तरी मी तोंड उघडलं. म्हणालो, ‘आत्ता आपण ज्या तीन मुलींची नावं काढलीत, त्या तिन्ही बाहेरगावच्या. पण त्यांचं बरंवाईट नागपुरात धरलं जाणार. सूतिकागृहाचंही तेच आहे.’

व्यापारी पेढा चघळत माझ्याकडे वळले. मग म्हणाले, ‘शुभ बोल गा! आमच्या पोरीले काहून मधात आणतं? ते घरी बायतीन झाली, धडधाकट आहे. अन् तिथं एवढ्या बाया मरून राहिल्या तं तिथं जाच कायले?’

एवढ्यावर विषय संपला. मी इतक्या वर्षांत पुष्कळ मूर्ख पाहिले, पण तोंडात पुरावा घोळवत पुरावा मागणारे तेवढेच. ठराव लिहिला गेला. शेवटचा शेरा आणि सही साहेबांची व्हायची होती. पुड्यात उरलेला एक पेढा त्यांनी मला दिला. मी तो बाहेर येऊन चपराश्याला दिला.

आता इथून पुढचं मला नीट सांगायचं आहे. कारण इथवर मी साहेबांना मूर्ख समजत होतो, आणि मूर्खाचा राग येऊन येऊन किती येणार?

संक्रांतीनंतर बहीण नागपूरला आली. तिला दाखवायला म्हणून मी तिला संध्याकाळी सूतिकागृहात घेऊन गेलो. फाटकाशी एक मोटार उभी. नागपुरात तेव्हा मोटारी ओळखीच्या असत. ती आमच्या साहेबांची होती. पडवीत बाकावर साहेबांच्या बाईसाहेब पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, आणि साहेब येरझारा घालत होते. पहिल्यांदाच मी त्यांना कोटाशिवाय पाहिलं.

त्यांची मुलगी जबलपूरला दिलेली. पहिलटकरीण, माहेरी आलेली, आणि अडली. मोठ्या दवाखान्यात पुरुष डॉक्टर, म्हणून बाईसाहेबांनी हट्ट धरून तिला इथे आणली होती. जगातल्या सगळ्या देशांपेक्षा जिथे बाया जास्त मरतात, तिथे!

मी बहिणीला आत पाठवलं आणि बाहेर थांबलो. साहेबांची-माझी नजरानजर झाली. मला वाटलं, आता हा माणूस खाली पाहील. त्यांनी खाली पाहिलं नाही. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, कचेरीतल्या सूचनेच्या सुरात म्हणाले, ‘हे पाहा. मुलगी जबलपूरची आहे. काही बरंवाईट झालं, तर इथल्या आकड्यात धरायची नाही.’



म्हणजे त्यांना कळत होतं! मी उघडून ठेवलेलं पान त्यांना कळलं होतं, माहेर-सासर कळलं होतं, सगळं पहिल्या दिवसापासून कळलं होतं. पोटची पोर आत कण्हत असताना या गृहस्थाला काळजी कसली, तर आपली मुलगी आपल्याच रेघेत जाऊ नये याची. मूर्ख असते तर मी त्यांना कधीच माफ करून टाकलं असतं.

पोर सुटली. मुलगा झाला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांतून घाम निथळत होता, आणि साहेबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. खरोखर वाकून. बाईसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरून ते डोळ्यांना लावले. घरी जाताना टांग्यात बहीण म्हणाली, ‘दादा, तुझ्या साहेबाची पोरगी वाचली. मी पण वाचीन ना?’ मी म्हटलं, वाचशील. आणि त्या संध्याकाळी मला ते अगदी मनापासून वाटलं. इतकं झाल्यावर कोणता बाप त्या ठरावावर सही करेल?

चार दिवसांनी सही झालेला कागद माझ्याच टेबलावरून पुढे गेला. शेऱ्यात एक अक्षर बदललेलं नव्हतं. मी धाडस करून विचारलं. साहेब म्हणाले, ‘निबंध छापायला गेलाय. तक्ता झालाय. आता मागे कसं येता येईल? आणि वैयक्तिक अनुभवावरून धोरण ठरवायचं नसतं, हे तरी तुम्हा गणितवाल्यांना पटायला हवं.’

मार्च संपता संपता सूतिकागृहाला कुलूप लागलं. त्या चार बायांनी वर्गणीवर चालवायचं म्हटलं, पण सरकारनेच मृत्यूचं केंद्र ठरवल्यावर वर्गणी देतो कोण? ज्यांच्या लेकी तिथे सुटल्या होत्या, तेही तोंड फिरवून गेले. डॉक्टरीणबाईंना बिलासपूरकडे नोकरी मिळाली. जायच्या आदल्या दिवशी त्या आमच्या घरी येऊन बहिणीला तपासून गेल्या आणि आईला बजावून गेल्या, की पहिली कळ आली की वाट पाहू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा. आईने मान डोलावली. आमच्या आईची मान डोलावणं आणि ऐकणं यांचा एकमेकांशी संबंध नसे.

सरकार पचमढीला गेलं. तक्ता गेला, साहेब गेले. मी रजा टाकून खाली राहिलो. पण शेवटची कामं उरकायला म्हणून कचेरीत गेलो, त्याच दुपारी बहिणीला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. आईने आणि मावशीने ठरवलं, की मोठ्या दवाखान्यात पुरुष असतात, आणि दादा येईतोवर सुईणीला बोलवायला काय हरकत आहे? तीच सुईण. तीच हुशार. निरोप घेऊन माणूस आला आणि मी धावत घरी पोचलो, तेव्हा दाराशी बायांचा घोळका होता आणि आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. मला क्षणभर वाटलं, झालं, सुटलो.

बाळ मुलगी होती. चांगली टणटणीत, लालबुंद. बहिणीच्या खाटेखाली मात्र रक्ताचा ओघ थांबत नव्हता, आणि सुईण चिंध्या कोंबत होती आणि म्हणत होती, होईल बंद, होईल बंद. मी टांगा आणायला सांगितला. बहिणीने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘दादा, आता कायले नेतं. कुठं नेतं?’ टांगा दारात आला तेव्हा न्यायला कोणी उरलं नव्हतं. बाहेर ऊन एवढं होतं, की टांगेवाला आमच्या भिंतीच्या सावलीत घोड्याला घेऊन उभा राहिला, आणि बराच वेळ त्याला जा म्हणायचंही कोणाला सुचलं नाही.

कळमेश्वरची माणसं आली. सासू या वेळी ओसरीवरही बसली नाही. मुलीला आम्ही ठेवून घेतलं.

पावसाळ्यात साहेब खाली आले. मधे ते बाहेरदेशी जाऊन आले होते आणि परिषद गाजली होती. त्यांच्या वाक्यावर, आकड्याला माहेर-सासर नसतं या वाक्यावर, म्हणे टाळ्या पडल्या होत्या. आता नवीन तक्ता हवा होता: बंद करण्यापूर्वी आणि बंद केल्यानंतर. तलावाजवळच्या वॉर्डाची रेघ अर्थातच धाडकन खाली आली होती. तिथे आता बाया मरत नव्हत्या, कारण तिथे आता कोणी बायांना आणतच नव्हतं. कोराडीची कोराडीत मरत होती, वाटेत मरत होती, आणि कोतवाल ठाण्यात जाऊन सांगत होता, तापाने. माणसं मरायची थांबली नाहीत, नुसती साहेबांना दिसायची थांबली. साहेब त्या खाली आलेल्या रेघेवर इतके खूष होते, की त्यांनी ती निळ्या शाईत काढायला लावली.

मग त्यांना माझ्या घरचं कळलं. त्यांनी मला बोलावलं, बसायला सांगितलं, तक्त्यापुढे उभं न करता. हळहळले. म्हणाले, फार वाईट झालं, फार तरुण होती. चहा मागवला.  त्यांनी महालाच्या वॉर्डाचा कागद पुढे ओढला, थोडा वेळ पाहिला, आणि अगदी मायेने म्हणाले, ‘तुमची बहीण कळमेश्वरची ना? मग तुमचंच म्हणणं बरोबर होतं. तिला इथे धरू नका. मृत्यू कळमेश्वरला टाका.’ आणि किंचित थांबून, ‘बाळ मात्र जिवंत आहे ना? जन्म इथलाच धरा.’

चहा आला. मी तो तसाच सोडून उठलो.

माझ्याच युक्तिवादाप्रमाणे ते बरोबर होतं. ती कळमेश्वरची होती, कळमेश्वरच्या आकड्यात जायला हवी होती, हेच तर मी तक्ता धरून हात भरून येईतोवर सांगत होतो. पण या माणसाला ती त्याच्या रेघेत नको होती, आणि मला तेवढं कारण पुरलं. मी तिला महालात धरली. जन्मही धरला, मृत्यूही धरला, आणि तक्त्यावर ती रेघ माझ्या हाताने लाल शाईत काढली.

नवीन तक्ता भिंतीवर टांगला त्या सकाळी साहेबांनी तो चष्मा लावून, वॉर्डावार पाहिला. निळ्या रेघांमधून त्यांचं बोट फिरत फिरत महालावर थांबलं.

‘ही कशी वाढली?’

‘माझी बहीण आहे, साहेब,’ मी म्हटलं. ‘माहेरी आली होती.’

त्यांनी बोट काढून घेतलं. बाहेर कोणी पाहुणे भेटायला येऊन थांबले होते. त्यांना आत बोलवा, असं साहेब चपराश्याला म्हणाले, आणि त्या दिवशी पाहुण्यांना त्यांनी आधी खुर्ची दिली.